सांगाड्यावरचा क्रमांक

जुनी स्कूटर विकत घ्यावयास निघालेला मनुष्य थोडे पैसे आणि पुष्कळशा आठवणी बरोबर नेतो. त्यांपैकी आठवणी अधिक धोक्याच्या. पुण्यातील एका महाविद्यालयात जुन्या मराठी पोथ्या शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक ह्या वाटेला लागले, तेव्हा हा धोका त्यांना ठाऊक होता. त्यांच्या वडिलांनी एके काळी स्कूटरसाठी नाव नोंदविले होते. परवान्यांच्या त्या जमान्यात नंबर लागेपर्यंत वर्षे जात. अखेर नंबर लागला, तोवर बाजूस ठेवलेली रक्कम मुलीच्या लग्नात खर्च झाली होती. वडिलांनी त्याविषयी पुढे अवाक्षर काढले नाही. मुलाला आता साठीनंतर हवी होती ती नेमकी १९६०च्या दशकातली बजाज-व्हेस्पा, आणि तीही अस्सल.

अस्सल म्हणजे काय, हा प्रश्न येथे वाटतो तितका सोपा नाही. व्हेस्पाचे मूळ इटलीतले. पिआज्जिओ कंपनीने १९४६ साली तिचे पेटंट घेतले. तिच्याच परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, आणि १९७१ मध्ये तो करार संपल्यावर व्हेस्पा हे नाव गेले तरी पत्र्याचा घाट राहिला. पुढच्या काळातील बजाज सुपर दुरून पाहावी तर आधीच्या बजाज १५०ची धाकटी बहीणच. ह्या साम्यावरच एक धंदा उभा आहे. ऐंशीच्या दशकातील गाडी घ्यायची, तिच्यावर इटालियन वळणाची अक्षरे बसवायची, जुन्या छटेचा रंग मारायचा आणि वीस वर्षे मागची म्हणून विकायची. भारतात आणि व्हिएतनाममध्ये अशा रीतीने सजविलेल्या गाड्या युरोपातही पोहोचल्या आणि तेथील शौकिनांनी हात पोळून घेतले.

प्राध्यापकांनी पाहिलेली पहिली गाडी अशीच झगमगीत होती. "सर, एकदम ओरिजिनल. हात लावून बघा," दुकानदार म्हणाला. त्यांनी हात लावला नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. व्हेस्पाला निराळा सांगाडा नसतो, दाबून घडविलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा आणि हीच तिची काया. त्यामुळे चुंबक सर्वत्र सारखे चिकटले पाहिजे. येथे ते फुटबोर्डाच्या कडेपाशी घसरून पडले. रंगाखाली लांबीचा जाड थर होता आणि त्याखाली, बहुधा, पत्रा नव्हताच. मग त्यांनी सांगाड्यावरील क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. वाहन हस्तांतराच्या कामात एजंट लोक हेच करतात; प्राध्यापकांना मात्र शिलालेखाचा ठसा घेतल्याचा भास झाला असावा. कागदावर आकडे उमटले, पण शेवटच्या तिघांची खोली निराळी होती, आणि त्यांच्याभोवती कानशीच्या बारीक रेघा दिसत होत्या. जुने आकडे घासून नवे ठोकलेले. असे वाहन चोरीचेही असू शकते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते निघाले. दुकानदाराने रस्त्यापर्यंत येऊन किंमत दोनदा उतरवली.

पाठचिकित्सेत मुरलेल्या माणसाला ह्यात काही नवे नव्हते. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या त्या संपादकांचा अनुभव असा की, फार गुळगुळीत, फार सुबोध पाठ दिसला की शंका घ्यावी. नक्कल करणारा अडचण निर्माण करीत नाही. तो ती दूर करतो. स्कूटरच्या बाबतीतही खोटेपणा पोचे घालून येत नाही, पोचे बुजवून येतो.

दुसरी गाडी सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या बोळात, गोणपाटाखाली उभी होती. मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. पत्नीने नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद आणि डिकीची किल्ली असे सारे एका पिशवीत आणून ठेवले. नोंदणी १९६६ची, पुण्याचीच. मुदतवाढीचे शिक्के एकाखाली एक. चाके आठ इंची, म्हणजे त्या काळास साजेशी; चेतकवर पुढे दहा इंची आली. डिकीच्या आत, जेथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही, तेथे निळ्या आणि राखाडी थरांखाली मूळचा फिका हिरवा शाबूत होता. फुटबोर्ड गंजलेला, पण चुंबक घट्ट बसले. सांगाड्याचा क्रमांक कागदावर सरळ, एकसारखा उमटला.

इंजिनाचा क्रमांक मात्र जुळेना.

प्राध्यापकांचा चेहरा पडलेला पाहून त्या म्हणाल्या, "सर, मागचं पान बघा." १९७८ साली इंजिन बदलल्याची नोंद तेथे कार्यालयाच्या शिक्क्यासह होती. "खंबाटकी घाटात बंद पडली होती. ह्यांनी पगारातून हप्ते भरले."

येथे ते बराच वेळ थांबले. भारतातील २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि तशी नोंद झाल्यावर गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने म्हणून हे इंजिन हा दोष होता. परंतु ज्या प्रक्षेपाची तारीख, कारण आणि लेखणी ठाऊक आहे, त्याला प्रक्षेप म्हणायचे काय? पहिल्या गाडीत लपविलेले होते. येथे लिहून ठेवलेले होते. प्राध्यापकांनी ह्या दोहोंत फरक केला, आणि तो योग्यच होता असे वाटते.

"वहिनी, किंमत तुम्ही सांगाल ती," ते म्हणाले.

व्यवहार लगेच झाला नाही. मालक हयात नसल्याने गाडी आधी वारसाच्या नावे व्हायला हवी, मगच विक्री. अर्ज दाखल झाला आहे. तोवर प्राध्यापक दर रविवारी सकाळी वाड्यात जातात, गाडी उजवीकडे जरा कलती करून किक मारतात. पहिल्या आठवड्यात ती सुरू झाली नव्हती. "सर, तशी नाही, अजून थोडी," असे त्या दारातून सांगतात.