नित्यकर्म

आपल्या शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. त्यांतील नित्यकर्माविषयींचें एक मत मला फार मार्मिक वाटतें: तें केल्यानें निराळें फल मिळत नाहीं, न केल्यास मात्र दोष लागतो. डेटाबेसची देखभाल ज्यांच्या वांट्यास आली आहे, त्यांना या मताचा अर्थ समजावून सांगावयास नको. मी त्यांपैकींच एक आहें.

माहिती साध्या कोष्टकांत मांडावी आणि कोष्टकांतील समान मूल्यांवरून त्यांचे परस्परसंबंध जुळवावे, ही कल्पना आय. बी. एम. मधील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. आज आपलें पुष्कळसें आयुष्य अशा कोष्टकांत नोंदलेलें असतें. मी सांभाळतों त्या कोष्टकांत एका रुग्णालयाचे केसपेपर आहेत. कोणत्या रुग्णास कोणतें औषध बाधतें, हें त्यांत लिहिलेलें आहे.

हा डेटाबेस पोस्टग्रेस जातीचा. रोज सकाळीं सहा वाजतां यंत्र त्याची नाडी पाहतें आणि मला अहवाल धाडतें. पहिला प्रश्न डिस्कवरील जागेचा. दुसरा केरकचऱ्याचा. पोस्टग्रेसमध्यें एखादी ओळ बदलली म्हणजे जुनी तत्काळ पुसली जात नाहीं. नवी निराळी लिहिली जाते आणि जुनी मृत होऊन पडून राहते. ती झाडावयास 'व्हॅक्यूम' नांवाचा झाडूवाला आहे. पण कोणी व्यवहार उघडून तसाच सोडून गेला, तर त्याच्या दृष्टीस पडूं शकणाऱ्या जुन्या ओळींना झाडूवाल्यास हात लावतां येत नाहीं. पंगतींत एकजण ताटावर रेंगाळला म्हणजे सर्वांचीं उष्टीं तशींच राहतात, तसा हा प्रकार! म्हणून तासाहून अधिक काळ उघडा राहिलेला व्यवहार माझ्या अहवालांत नांवानिशीं येतो.

तिसरा प्रश्न वयाचा. लेखन करणाऱ्या प्रत्येक व्यवहारास क्रमांक मिळतो. हे क्रमांक सुमारे ४०० कोटी असून ते संपले कीं पुन्हा आरंभापासून सुरू होतात. आपल्या साठ संवत्सरांसारखेंच हें चक्र. नुसतें 'प्रभव' म्हटल्यानें तें सरलें कीं यावयाचें आहे, हें कळत नाहीं. म्हणून जुन्या ओळींवर 'निःसंशय भूतकाळांतील' असा शिक्का मारावा लागतो. शिक्का न बसलेल्या ओळींचें वय २० कोटींच्या नेहमींच्या मर्यादेपलीकडे गेलें, कीं झाडूवाला आपण होऊन तें काम हातीं घेतो. तो अडला आणि वय २०० कोटींच्या आसपास पोंचलें, तर डेटाबेस नवें लेखन स्वीकारण्याचेंच नाकारतो.

परंतु या साऱ्यांहून मोठा प्रश्न, तपासणी करणाराची तपासणी कोणीं करावी, हा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचे सुमारे ३०० गिगाबाइट पुसले गेले. बॅकअपची प्रत रोज निघते, अशी समजूत होती. प्रत काढणारें साधन ९.२ आवृत्तीचें आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळें प्रत निघतच नव्हती. साधनाच्या अपयशाची सूचना ई-पत्रानें धाडलीहि जात होती. पण त्या पत्रांवर आवश्यक तें प्रमाणीकरण नसल्यामुळें तीं परत लोटलीं गेलीं. सुमारे सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून बहुतेक सारें वांचलें. मधल्या तासांतील नोंदी मात्र गेल्या. हा वृत्तांत कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केला, हें तिला भूषणावह आहे.

केवळ चोर दिसल्यावर ओरडणारा पहारेकरी आणि झोपीं गेलेला पहारेकरी यांत शांत रात्रीं भेद करतां येत नाहीं. गस्तवाला चोर नसतांनाहि हांक देत जातो, तो याचसाठीं. माझा अहवालहि सर्व कुशल असतांना येतो. न आला, तर तोच धोक्याचा इशारा. शिवाय महिन्यांतून एकदां बॅकअपची प्रत निराळ्या सर्व्हरवर उभी करून मी तिच्यांतील ओळी मोजतों आणि दोन-चार केसपेपर उघडून वाचतों. कधींच न उघडलेल्या प्रतीवर कोणा रुग्णाचा जीव सोंपवावयास माझें मन धजत नाहीं.

तरीहि एक भय उरतें. रोज येणारें पत्र रोज वाचलें जातेंच असें नाहीं. संध्येचें पाणी सोडतांनाहि मन बाजारांत फिरूं शकतें. म्हणून अहवाल सात ओळींहून मोठा होऊं द्यावयाचा नाहीं, असा माझा नियम आहे. परवां एका तरुण सहकाऱ्यानें त्यांत आठवी ओळ घालण्याचें सुचविलें. सूचना चांगली होती. मीं ती मान्य केली. सातांपैकीं कोणती काढावयाची, एवढेंच त्याला विचारलें. तो अजून विचार करीत आहे.