वारूळ नेमकं कुणाचं?

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलात की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर येतं. काळीभोर जमीन नि केळीच्या बागा. पण मैत्रिणींनो, केळी घेऊन तिथूनच परतू नका. वारंगा फाट्याकडे निघा. बागा मागं पडून मुरमाड माळ लागला की कुसळीच्या गवतातून, तरवडाच्या झुडपांतून डोकावणारी वारुळं शोधा.

नागपंचमीला आपण याच वारुळाला हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, पुरणाची दिंडं उकडायची. पण हे घर नागोबानं कुठं बांधलंय? 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात ते उगीच नाही! बांधणारी ती वाळवी. तिच्या जातभाई आपल्या दाराच्या चौकटी पोखरतात नि आपण त्यांच्यावर औषध फवारतो. पांढरी मुंगी म्हणतात खरं तिला, पण तिचं नातं मुंगीशी नाही, आपल्या मोरीतल्या झुरळाशी आहे. ऐकून अंगावर काटा आला ना?

संसार मात्र पाहावा तिचा! मातीचा कण न् कण लाळेत कालवून भिंती रचते. आत एक राणी, रोज हजारो अंडी घालणारी. शिवाय चक्क शेती! वाळलं गवत, पालापाचोळा पोटातून नेऊन त्यावर बुरशी वाढवायची नि ती खायची. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. (ओळखणारं माणूस सोबत नसेल तर तोडू नका हं, विषारीही असतात.) भर उन्हाळ्यातही आत ओलावा असतो, म्हणून तर सापाला ते घर मानवतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त विहिरीची जागा शोधताना वारूळ कोणत्या झाडाजवळ आहे ते पाहायला सांगितलंय. पाणी लागेलच याची हमी मी घेत नाही!

माळ सपाट करायला यंत्र आलं की पहिल्यांदा जातात ती वारुळं. मग पंचमीला पाटावर गंधाचा नाग काढायचा नि त्यालाच नमस्कार. पालापाचोळ्याची माती करणारी कामकरीणही त्याबरोबर गेली, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जाल तेव्हा वारुळात दूध ओतू नका. साप दूध पीत नाही, वाळवीलाही ते नको असतं. लाह्या, फुलं बाहेरच ठेवा. आणि मुलांना भोकात काडी घालू देऊ नका, आत भाडेकरू असायचा.