फाटकापर्यंतचा घोडा

पोर्टलंडहून निघालो तेव्हा गाडीच्या मागे दोन सायकली अडकवलेल्या होत्या. सायकली म्हणायच्या एवढंच. चार इंच रुंदीचे टायर, मातकट रंग, पोटात बॅटरी आणि प्रत्येकीचं वजन तीस किलोच्या वर. गाडी चालवणारा माझ्या भाच्याचा ऑफिसातला सहकारी. अकरा महिने संगणकासमोर बसणारा हा माणूस सप्टेंबर लागला की धनुष्यबाण घेऊन एल्कच्या मागे डोंगरात शिरतो. "मामा, तू मांस खात नाहीस, पण जंगल तर बघशील," असं म्हणत भाच्यानं मला त्याच्या हवाली केलं.

कोलंबिया नदी बराच वेळ डाव्या हाताला सोबत करते. मग गव्हाची कापलेली रानं, पेंडलटन आणि घाट चढला की ब्लू माउंटन्स. सव्वाचारशे किलोमीटरवरचं ला ग्रांड गाव थोडक्यावर आलं असताना आम्ही मोठा रस्ता सोडला आणि पाँडेरोसा पाइनच्या जंगलात तंबू ठोकला.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला, थंडीतला भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. धनुष्याच्या शिकारीचा हंगाम त्याच्या माजाच्या दिवसांतच येतो. नर पडला तर हाडं काढूनही नव्वद-शंभर किलो मांस निघतं आणि सप्टेंबरच्या दुपारी ते नासायला फार वेळ लागत नाही. ते पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं म्हणजे तीन-चार खेपा. सायकल घेण्याचं खरं कारण हे, असं आमचा यजमान सांगतो. मागे एकचाकी ट्रेलर जोडला की दोन खेपांचं ओझं एकदम उतरतं. बाकी विक्रेत्यांच्या जाहिरातींत आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, हे कौतुक असतंच. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पहाटे साडेचारला डोक्याला दिवे बांधून आम्ही निघालो, तेव्हा मोटर शिलाई मशीनइतपत गुणगुणत होती. खडीवर टायरच जास्त बोलत होते.

नऊ किलोमीटरचा चढ. साठी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी तो चढला, याचं श्रेय अर्थातच बॅटरीला. पॅडलवर नुसता पाय ठेवायचा, मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. अमेरिकेत या सायकलींचे साधारण तीन वर्ग मानतात. पहिल्यात पॅडल मारलं तरच मोटर चालते, दुसऱ्यात थ्रॉटलही असतो आणि दोन्हींत ताशी ३२ किलोमीटरनंतर मोटर साथ सोडते; तिसऱ्यात ही मर्यादा ४५. मोटर ७५० वॉटची, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे फाटक आलं.

लोखंडी आडवं फाटक, त्यावर मोटरवाहनांना बंदीची पाटी. पलीकडे तोच रस्ता, फक्त मधोमध गवत वाढलेला. साधी सायकल असती तर आम्ही बाजूनं काढली असती. पण अमेरिकेच्या वनखात्याच्या लेखी विजेची सायकल हे मोटरवाहनच. २०२२ मध्ये नियम नव्यानं लिहितानाही त्यांनी ही भूमिका सोडली नाही. इथून पूर्वेला असलेल्या ईगल कॅपसारख्या संरक्षित रानात तर १९६४ च्या कायद्यानं साध्या सायकलीलाही मज्जाव आहे. घोडा मात्र चालतो. खरा घोडा चालतो, एक अश्वशक्तीचा चालत नाही. मला हे आधी हास्यास्पद वाटलं.

यजमानानं दोन्ही सायकली पाइनच्या बुंध्याला साखळीनं बांधल्या. गेल्या हंगामात तो इथून पायी निघाला असताना कुणीतरी विजेच्या सायकलवर बसून त्याच्या शेजारून गुपचूप पुढे गेलं होतं. दोन तासांची चाल त्या पठ्ठ्यानं पंधरा मिनिटांत संपवली. जीपचा आवाज लांबून येतो, सापडते; ही सापडत नाही. जिचं मौन विकलं जातं तिच्याच मौनाबद्दलची ही तक्रार, आणि तीही त्याच दुकानाच्या गिऱ्हाइकाकडून!

फाटक का आहे याचं उत्तर त्याच टापूत मिळतं. स्टार्की नावाच्या संशोधनवनात सुमारे शंभर चौरस किलोमीटर जंगलाला अडीच मीटर उंच जाळीचं कुंपण आहे आणि आत एल्कच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या जातात. तिथं माणसं मुद्दाम चार तऱ्हांनी फिरवली : पायी, घोड्यावरून, सायकलवरून आणि चारचाकी मोटरबाइकवरून. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एल्कनी सगळ्यांपासूनच सरासरी अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर राखलं, मोटरबाइकपासून सर्वांत जास्त. विजेची सायकल त्या अभ्यासात नव्हती. पण मुद्दा नुसत्या आवाजाचा नाही, तर माणूस एका दिवसात किती रान पालथं घालतो याचाही आहे, हे चालताना मला पटत गेलं. फाटकापलीकडे जनावर आहे ते तिथं पोचायला घाम लागतो म्हणून.

भारतातल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्द फक्त जुन्या गोष्टींत भेटलेला माझ्यासारखा माणूस इथं जरा अवघडतो. या देशात बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यापासून, आणि धनुष्यबाणांवरच्या कराचा सत्तरच्या दशकापासून, वन्यजीवांसाठी राज्यांना मिळत आला आहे, हे यजमान अभिमानानं सांगतो. सायकलवर तो कर नाही, हे मी विचारल्यावर सांगतो.

चार तास चाललो. तो छोट्या बाटलीतून पावडर उडवून वारा पाहायचा आणि थबकायचा. एकदा दरीपलीकडून नराची ती प्रसिद्ध हाक आली : आधी घोगरी, मग चढत जाऊन बासरी फाटल्यासारखी. त्यानं उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा हाक आली, या वेळी आणखी लांबून. वारा आमच्या पाठीशी फिरला होता. बाण भात्यातच राहिला. मला झालेला आनंद मी लपवला. त्यानं तो बहुधा ओळखला.

संध्याकाळी फाटकाशी परतलो तर तिथं दोन खेचरं बांधलेली, पाठीवर पांढऱ्या कापडी पिशव्यांत भरलेलं मांस, वर शिंगं. मालक शेजारी बसून कॉफी पीत होता. त्याच्याशी बोलण्यात आमची दहा मिनिटं गेली. मग मी सायकलीकडे वळलो. एका खेचरानं माझ्या सीटचं कव्हर अर्धं चघळून टाकलं होतं.