पोपड्याखालचें दुखणें

गेल्या वर्षीं श्रावणांतील एका सकाळीं आमच्या साताऱ्याच्या घरीं देवघराच्या छताचा पोळपाटाएवढा तुकडा खालीं कोसळला. तो पडला तो नेमका मातोश्रींच्या पाटावर. दूध उतूं जातें कीं काय हें पाहावयास जप अर्धा टाकून त्या नुकत्याच स्वयंपाकघरांत गेल्या होत्या. आवाज ऐकतांच त्या ओरडल्या, "अरे, भूकंप झाला कीं काय?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप त्यांनीं लहानपणीं अनुभवलेला, तेव्हांपासून भिंतीला तडा दिसला कीं त्यांना प्रथम त्याचीच आठवण होते. पण या वेळीं भूमि स्थिर होती. चूक आमची होती.

तीन वर्षांपासून त्या जागीं तांबूस डाग उमटत होता. दर दिवाळीस आम्ही पोपडे खरवडून, लांबी भरून, वर पांढरा हात फिरवीत होतों आणि घर कसें नवें दिसतें म्हणून समाधान पावत होतों. आल्यागेल्यास डाग दिसूं नये, एवढीच आमची दृष्टि!

दुरुस्तीसाठीं ज्या वृद्ध गवंड्यांना आम्हीं बोलाविलें, त्यांनीं रंगाविषयीं अवाक्षरहि काढलें नाहीं. शिडीवर चढून त्यांनीं लहानशा हातोडीनें सारें छत ठोकून पाहिलें. चांगल्या जागीं खणखणीत आवाज येई. डागाभोंवतीं मात्र तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द. जेथें आवाज बदले तेथें ते खडूनें रेघ ओढीत. रेघ पुरी झाली तेव्हां पडलेल्या तुकड्याच्या चौपट जागा आंतून सुटलेली असल्याचें दिसलें. "दादा, रंगानं गंज थांबतोय व्हय?" ते म्हणाले, "आधी वरचं पाणी थांबवा, मग खालचं बघू."

त्यांच्या बोलण्यांतलें शास्त्र असें. सिमेंट घट्ट होतांना त्यांत चुना सुटतो. त्याच्या क्षारधर्मामुळें लोखंडी गजांवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा टिकतो व तो त्यांना गंजूं देत नाहीं. हवेंतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षें काँक्रीटाच्या छिद्रांतून आंत शिरून हा गुण हळूहळू नाहींसा करतो. मग गळतीचें पाणी मिळालें कीं गज गंजतो. आणि गंज हा मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षांहि अधिक जागा व्यापतो. तो आंतून रेटा देतो, तेव्हां काँक्रीट फुटून पोपड्यासारखें सुटतें. आपण ज्याला पृष्ठभागाचें दुखणें म्हणतों, त्याचें मूळ असें आंत असतें.

आमच्या छतावर ही पाळी एवढ्या लवकर कां आली, याचें उत्तर सुटलेला भाग फोडल्यावर मिळालें. घरांतील स्लॅबाच्या गजांखालीं निदान २० मिलिमीटर काँक्रीट असावें, असें भारतीय मानक आय. एस. ४५६ सांगतें. आमच्या येथें ठोकळे न ठेवतां गज फळ्यांवरच टेकविलेले. त्यामुळें आवरण कोठें कोठें नखाएवढेंच. शिवाय स्लॅब किमान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस, सतत ओला राखावा लागतो. मातोश्रींनीं आतां सांगितलें कीं, १९८६ च्या चैत्रांत स्लॅब ओतला तेव्हां विहीर आटली होती, आणि वैशाखांत आमची मुंज ठरली होती. तीन दिवसांतच पाणी मारणें थांबलें. वडिलांच्या घाईबद्दल कांहीं बोलावें असें ओंठांवर आलें होतें; पण ती घाई आमच्याच मुहूर्तासाठीं होती. वडील आतां नाहींत. आम्ही गप्प राहिलों.

दुरुस्ती क्रमानें झाली. एका अभियंत्या स्नेह्यांच्या सल्ल्यानें प्रथम छताला धिरे दिले. गच्चीवरची तुंबलेली पन्हळ मोकळी करून उतार नीट केला. मग बद्द वाजणारें सर्व काँक्रीट, गजांच्या पाठीमागें बोट जाईल इतकें, काढलें. तारेच्या ब्रशानें गंज घांसून गज चकचकीत केले; जे दोन फार झिजले होते त्यांच्या शेजारीं नवे बांधले. गंजरोधक लेप, त्यावर पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानें, आणि शेवटीं ओलीं पोतीं. या खेपेस पाणी मारण्यांत आम्हीं एक दिवसहि चुकविला नाहीं.

हें काम संपतें न संपतें तोंच सांगलीस वडील भगिनींकडे जाणें झालें. त्यांचें घर गांवभागांत. आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें, आणि जुलै २०२१ मध्यें पुन्हां पूर आला. त्यांच्या तळमजल्याच्या खांबांवर पांढरी भुकटी व फुगलेला गिलावा पाहून आमच्या छातींत धस्स झालें. हातोडी मागवून गिलावा सुटलेल्या जागीं आंतलें काँक्रीट ठोकलें, तों आवाज खणखणीत! हा गंज नव्हे, लोणा होता. ओलाव्याबरोबर क्षार वर चढतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. ताईंनीं ओल्या भिंतींवरच तैलरंग दिल्यामुळें ओल आंत कोंडली होती. तेथें फुगलेला गिलावा काढणें, क्षार कोरड्या ब्रशानें झाडणें, भिंती पुरत्या वाळूं देणें आणि मग नवा गिलावा व चुन्याचा हात, एवढें पुरलें.

लोण्याची पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या वरवरच्या बारीक रेषा पाहून भिण्याचें कारण नाहीं. परंतु गजाच्या रेषेंत गेलेला तडा आणि त्यांतून झिरपणारा तांबूस डाग दिसेल, तर एक दिवसहि दवडूं नये, जाणत्यास बोलवावें.

यंदा दिवाळीपूर्वीं रंगाची गोष्ट निघतांच मातोश्री म्हणाल्या, "रंगाचं मागाहून बघा. आधी ती हातोडी आणा." आमच्या वाचकांच्या घरींहि रंगाच्या डब्यापूर्वीं हातोडी यावी, इतकीच विनंति.