चपटे नाणे

माझ्या दुसऱ्या कादंबरीवर एका मासिकात साडेतीन ओळींचे परीक्षण आले, त्या रात्री मी जेवलो नाही. हिने ताट झाकून ठेवले. भाच्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, "मामा, हे ऐका."

मॉन्ट्रिअलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या मंडळींची १९९७ सालची तबकडी. गाणारे कोणी नाही. एक थकलेला आवाज काहीसे बोलतो आणि मग तारा कितीतरी वेळ विव्हळत राहतात. पाकिटात म्हणे आगगाडीखाली चपटे केलेले नाणे घातलेले असे. आमच्या वर्गातल्या पोरांचाच उद्योग!

२०१३ मध्ये त्यांच्या नव्या तबकडीला कॅनडाचे पोलॅरिस पारितोषिक मिळाले. खप न पाहता समीक्षकांनी निवडायचे. रक्कम ३० हजार डॉलर. मंडळी समारंभाला गेलीच नाहीत. ओढगस्तीच्या दिवसांत हा थाट कशाला, असे कळवून क्वेबेकच्या कैद्यांना वाद्ये मिळावीत म्हणून ते पैसे खर्चायचे त्यांनी ठरवले.

"मी असतो तर नवा कोट शिवून गेलो असतो रे," मी म्हणालो. भाचा हसला. साडेतीन ओळींचे कात्रण तेव्हाही माझ्या खिशातच होते.

मध्यरात्री उठून मी ताट उघडले. आमटी पार गार झाली होती.