एका खोलीच्या दोन किल्ल्या

जावा शिकवायचं माझं पहिलंच वर्ष. ‘क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मोदक’ असं सांगून मी खूश! प्रॅक्टिकलला एकाने ‘बी = ए’ लिहिलं, बीचे मार्क बदलले, तर एचेही बदलले! “लेक्चरला झोपतोस का?” मी सगळ्यांसमोर झापलं. तो हळूच म्हणाला, “सर, मोदक तर दोन होते ना?”

रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. चूक माझ्या उदाहरणाची होती. दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या किल्ल्या घेऊनच वर्गात गेलो. ऑब्जेक्टचं व्हेरिएबल म्हणजे खोली नव्हे, किल्ली. ‘बी = ए’ म्हणजे त्याच खोलीची दुसरी किल्ली; ‘न्यू’ लिहिलं की नवी खोली. मग सगळ्यांसमोरच त्याला सॉरी म्हटलं.

मित्रांनो, आता कोणी चुकलं की आधी मी माझाच साचा तपासतो!