नोंद राहून गेली

आमच्या चाचांचे सोलापुरात शिलाईचे दुकान आहे. एरवी चार कारागीर असतात. रमजान जवळ आला की सहा होतात, आणि तरीही रात्री उशिरापर्यंत मशिनी थांबत नाहीत. गिऱ्हाइकाचे माप चाचा एका लांब वहीत लिहितात आणि त्याच पानाला कापडाचा छोटा तुकडा टाचणीने लावून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक तुकडा निसटला. एकाच घरातल्या दोन भावांच्या कुर्त्यांच्या कापडांची अदलाबदल झाली, ती चाँदरातीला लक्षात आली. ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचा मला म्हणाले, "बेटी, तू कॉम्प्युटर शिकलीस ना? ही वही मोबाइलमध्ये बसेल का?"

मी "बसेल" म्हणून मोकळी झाले.

बी.एस्सी. झाल्याला मला चौदा वर्षे होऊन गेली. मग लग्न झाले, मुले झाली. मुले शाळेत जाऊ लागल्यावर दुपारच्या रिकाम्या वेळात मी मोबाइल ॲप बनवायला शिकले. त्यासाठी रिॲक्ट नेटिव्ह नावाचे साधन निवडले. ते २०१५ पासून सर्वांना मोफत मिळते, आणि एकदा लिहिलेला बराचसा कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाकडे मॅक आहे. चाचांचा मुलगा आयफोन वापरतो, आणि आयफोनचे ॲप तयार करायला मॅक लागतो. म्हणून मी लिहायचे आणि आयफोनचे भावाने बघायचे, असे ठरले.

मापे लिहिण्याचा भाग महिन्याभरात झाला. राहिला कापडाचा फोटो. कॅमेरा चालवणारा कोड स्वतः लिहायची गरज नसते. दर्जी काही बटणे आणि चेन स्वतः घडवत नाही, बाजारातून आणतो. तसेच दुसऱ्यांनी लिहून मोफत ठेवलेले तयार कोड असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. एक आज्ञा दिली की ती आपल्या प्रकल्पात येऊन बसते. मी आज्ञा दिली, सगळे सुरळीत झाल्याचा निरोप आला, ॲप उघडले, आणि मोबाइलचा पडदा लालभडक झाला. मॉड्यूल सापडत नाही!

शब-ए-बरात झाली की चाचांकडे ईदचे कपडे यायला लागतात. माझ्या हातात आठच दिवस होते. लाल पडदा बघून मी तेच केले जे घाबरलेला माणूस करतो. सगळे पुसून पुन्हा बसवले. तेच. दुसरी लायब्ररी आणली. तेच. पहिल्या रात्री दोन वाजले, दुसऱ्या रात्री तीन. सकाळी मुलांच्या डब्यात मीठ विसरले.

तिसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाजी, लाल रंग सोड. पहिली ओळ मला वाचून दाखव."

दोन रात्रींत ती ओळ मी एकदाही नीट वाचली नव्हती. कोणते मॉड्यूल हवे होते, ते कोणत्या फाइलने मागितले आणि कुठे शोधले, हे सगळे तिथे लिहिलेले होते. वाचता वाचताच चूक दिसली. मी आज्ञा दिली होती ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नाही, त्याच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये. लायब्ररी आली होती, पण शेजारच्या घरी उतरली होती. योग्य फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा बसवली. तरी पडदा लालच, कारण कोड गोळा करून मोबाइलला देणारा मेट्रो नावाचा प्रोग्रॅम जुनीच आठवण धरून बसला होता. तो बंद करून, साठवलेले पुसून नव्याने सुरू केला. आता तक्रार बदलली. कॅमेऱ्याच्या लायब्ररीचा एक भाग थेट मोबाइलच्या भाषेत लिहिलेला असतो. तो नुसते ॲप ताजे करून येत नाही, अख्खे ॲप पुन्हा बांधून मोबाइलवर चढवावे लागते. तेही केले. मगरिबच्या अजानीच्या सुमारास माझ्या मोबाइलमध्ये माझ्याच दुपट्ट्याचा फोटो निघाला.

मी खुशीत सगळा कोड भावाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला, "बाजी, माझ्याकडे मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय. तू काहीतरी पाठवायची राहिलीस."

"माझ्याकडे चालतंय. तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी असेल."

"एकदा बघ तरी."

दोन रात्रींचे जागरण, वर धाकट्याने चूक काढलेली. माझ्या तोंडून निघून गेले, "हो, तूच शिकलास ना, तूच बघ. माझी एम.एस्सी.ची फी तुझ्या इंजिनिअरिंगला गेली."

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग फोन ठेवल्याचे कळले.

ही गोष्ट मी चौदा वर्षे कुणाजवळ बोलले नव्हते. एम.एस्सी.ला माझा नंबर लागला होता. त्याच महिन्यात त्याच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. अब्बांनी मला जवळ बसवून विचारले आणि मीच "त्याची भरा" म्हटले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला कुणी सांगितले नाही, मीही नाही.

झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. प्रत्येक प्रकल्पात एक यादी असते. कोणकोणत्या लायब्ररी लागतात हे तिच्यात लिहिलेले असते. लायब्ररींचे मोठे फोल्डर कुणी कुणाला पाठवत नाही. फक्त यादी पाठवतात, आणि समोरचा त्यावरून आपल्याकडे सगळे बसवून घेतो. मी नवा कोड पाठवला होता, पण बदललेली यादी पाठवायची विसरले होते. माझ्याकडे लायब्ररी होती म्हणून चालत होते. त्याच्याकडे ती असायचे कारणच नव्हते. नोंदच नव्हती.

यादी पाठवली आणि खाली लिहिले, "चूक माझी होती. दोन्ही वेळा."

पहाटे फजरनंतर फोन आला. "बाजी, मला माहीतच नव्हतं." मी म्हटले, "तुला कोणी सांगितलंच नाही, तर कसं माहीत असणार?" मग दोघेही थोडा वेळ गप्प होतो. शेवटी तोच म्हणाला, "यादी मिळाली. पण आयफोनचं अजून अडलंय." यादी आल्यावर त्याने लायब्ररी बसवून घेतली होती, पण आयफोनच्या भागासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते, ती घाईत राहिली होती. शिवाय त्याने प्रकल्पाची नेहमीची फाइल उघडली होती. बाहेरच्या लायब्ररींना सामावून घेणारी वर्कस्पेस नावाची फाइल वेगळी असते, ती उघडावी लागते. "म्हणजे इंजिनिअरही विसरतात," मी म्हटले. तो हसला.

घरातली मुलेमुली ॲप बनवायला शिकत असतील, तर त्यांच्यासाठी माझा क्रम इथे देते. लाल पडदा आला की आधी पहिली ओळ सावकाश वाचा. नावाचे स्पेलिंग तपासा, लहान-मोठ्या अक्षरांसकट. एका मशीनवर चाललेली अक्षराची चूक दुसऱ्यावर अडते. लायब्ररी योग्य फोल्डरमध्ये बसली का आणि यादीत तिचे नाव आले का, ते पाहा. मेट्रो बंद करून साठवलेले पुसा आणि पुन्हा सुरू करा. कॅमेऱ्यासारखी लायब्ररी असेल तर ॲप नव्याने बांधा, आयफोनसाठी त्याची वेगळी आज्ञा द्या. सगळे पुसून टाकण्याचा उपाय अगदी शेवटी. आणि दुसऱ्याकडे चालत नसेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी आपण काय पाठवले ते बघा.

ॲप शब-ए-बरातच्या दोन दिवस आधी चाचांच्या हातात गेले. त्या ईदला कुणाच्या कुर्त्यांची अदलाबदल झाली नाही. चाचा वहीही लिहितात, टाचणीही लावतात; म्हणतात, मोबाइल पडला तर? मी वाद घालत नाही.

यंदा भावाने एक मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरून पाठवला. त्यात नाव माझे होते आणि फी भरल्याची पावती जोडलेली होती. खाली एकच ओळ होती, "बाजी, यादी तपासून घे, काही राहिलं असेल तर सांग."